वेगळ्या मापाची डिस्क

२४ सप्टेंबर, बुधवार. चिखली

सकाळी सेंटरमध्ये पाय ठेवला आणि डब्यावर लाल दिवा. चार डिस्कांपैकी तिसरी गेली.

घाबरण्यासारखं काही नाही. डबा म्हणजे आमच्या स्कॅन सेंटरचं पोट. सहा वर्षांत आमच्या टेबलावर जो जो आडवा झाला, त्याचं डोकं, छाती, पोट सगळं या चार डिस्कांत चित्ररूपाने पडून आहे. चारातली एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं काम भागवतात, आणि नवी घातली की तिला सगळं शिकवून तयार करतात. घरातल्या सुनेसारखं. फक्त वेळेत नवी आणायची.

डॉ. निवेदिता मॅडमना सांगितलं. त्या चित्रं वाचतात, बाकी काही बघत नाहीत. म्हणाल्या, "मार्तंडजी, तुम्ही आहात ना." आहेच. पदाने मी टेक्निशियन, पण कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळ्यांना मार्तंडच आठवतो. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जुन्या मॉडेलची डिस्क मिळत नाही. खामगावच्या दुकानदाराकडे चार टीबीची दुसऱ्या जातीची होती, ती काल आणली. लेबलवर कोपऱ्यात 'फोर के नेटिव्ह' असं काहीतरी छापलंय. कंपन्यांना नावं ठेवायची फार हौस.

डब्याने मुकाट्याने घेतली. रात्रभर शिकवणी चालली आणि सकाळी चारही दिवे हिरवे.

छाया नोंदवही घेऊन आली. ही आमची रिसेप्शनिस्ट, साखरखेर्ड्याची, बारावीनंतर एक कोर्स केलाय म्हणे. डब्यातलं काही बदललं की तिला ते वहीत लिहायचं असतं. सोहमने लावून दिलेली सवय. सोहम म्हणजे अकोल्याचा इंजिनिअर, त्याने २०१९ साली हा डबा बसवला. आता पुण्यात असतो.

ती डिस्का बघत उभी राहिली. म्हणाली, "सर, जुन्या तीनवर पाचशे बारा लिवलंय, अन् या नव्यावर चार हजार शहाण्णव. चालन का?"

मी म्हटलं, चार टीबी म्हणजे चार टीबी. शर्टाच्या कॉलरवर काय छापलंय ते बघून कोणी शर्ट घालतं का?

"कॉलरवर तं मापच असते सर."

उत्तराला प्रत्युत्तर तयारच. मी वहीत सही केली आणि चहा मागवला. हिरवे दिवे दिसत असताना लोकांना शंका का येतात, कळत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

वर्षातून हा एकच दिवस डबा बंद होतो. एरवी बॅटरीवर का होईना, तो चालूच. आज सगळी यंत्रं पुसायची, पूजायची. छाया दरवर्षी हे मनापासून करते. स्कॅनच्या मशीनला झेंडूचा हार, माझ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू, डब्यातल्या चारही डिस्का बाहेर काढून ओळीने पाटावर. प्रत्येकीला बोट, वर अक्षता. मॅडमनी नारळ फोडला.

डिस्का परत घातल्या, झाकण लावलं. चालू परवा करायचा, उद्या दसऱ्याची सुट्टी. साडेपाचलाच घरी आलो. प्रसन्न दिवस.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डबा चालू होतो. चारही दिवे हिरवे. आत काही नाही.

काही नाही म्हणजे काहीच नाही. सहा वर्षांची यादी जिथे असते तिथे कोरी पाटी. आणि वर तोंड करून विचारतो, ही जागा वापरण्यासाठी तयार करायची का?

चारदा बंद केला, चारदा चालू केला. तारा काढल्या, घातल्या. दुपारी डिस्का बाहेर काढल्या तर दुसरीच्या जोडाच्या फटीत कुंकू. हे बघा! परवापर्यंत सगळं ठीक होतं. परवा आणि आज यांच्यामध्ये घडलं काय? पूजा. दुसरं काहीही नाही.

ब्रशने साफ केलं. तरी कोरं.

४ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमना सांगावं लागलं. मी म्हटलं, कुंकू आत गेलं असावं. त्या छायाकडे बघत राहिल्या.

छाया म्हणाली, "मॅडम, सहा वर्षं झाले मी कुंकू लावून राह्यली. आताच काऊन बिघडलं?"

मी म्हटलं, पाप भरायलाही वेळ लागतो. हसायला म्हणून बोललो होतो. कोणी हसलं नाही.

मॅडमनी विचारलं, "सगळ्याची दुसरी प्रत आहे ना?" मी म्हटलं, आहे.

आहे. कपाटातली मोठी डिस्क. मार्च २०२१ला ती भरली. दुसरी आणायची होती. पुढच्या महिन्यात आणू म्हटलं. चार वर्षं पुढचाच महिना चालू आहे. हे इथे लिहिलं, बाहेर कुणाला माहीत नाही.

नवे स्कॅन मशीनच्या स्वतःच्या पोटात राहतील, तीन आठवडे पुरतील. तोवर बघू.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज ज्या गोष्टीची भीती होती ती दारातून चालत आली.

उंद्रीच्या रुखमाबाई. वय साठच्या आसपास, मळ्यात भाजी करतात. सोबत नवरा नारायणराव, हातात पिशवी. बाईंना दोन महिने खोकला. संभाजीनगरच्या सर्जनला छातीत उजवीकडे वर एक गाठ दिसली, अकरा मिलिमीटर. जागा अडचणीची, सुई पोचत नाही. त्याचं म्हणणं, छाती उघडून काढून टाकू. अठराला दाखल व्हायचं. दिवाळीनंतर तो महिनाभर नाही.

बाई तयार नाहीत. मॅडमसमोर बसून बोलल्या, "मले काई झालं नाही. जून बावीसमधी मेथीच्या जुड्या घेऊन बाजारात जातानी टेम्पोतून पडली. इथंच मार बसला होता. ते तवाचंच हाय. तुमच्याच मशीनमधी फोटो काढला होता माह्या छातीचा. काढा तो."

सर्जनही तेच म्हणालाय. तीन वर्षांपूर्वी गाठ होती आणि तेवढीच असेल, तर हात लावायचं कारण नाही. तेव्हा नसेल, तर एक दिवस थांबू नका.

"त्या फोटोत असन तं मी कापू देत नाही," रुखमाबाई म्हणाल्या. "नसन तं खुशाल कापा. पण पाह्यल्याबिगर मी टेबलावर निजत नाही."

नारायणराव मला बाहेर घेऊन गेले. "साहेब, हे कोणाचंच ऐकत नाही. पोरगी रडून गेली, जावई बोलून थकला. तुमी तेवढा फोटो काढून द्या."

मी म्हटलं, दोन दिवसांत देतो. का म्हटलं मलाच माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कागदी रिपोर्ट सापडला. त्यात फक्त बरगड्या: दोन मोडल्या, जागेवर आहेत. त्या वेळी विचारलंच बरगड्यांचं होतं. फुप्फुसाबद्दल एक ओळ नाही. मॅडम म्हणाल्या, नाही लिहिलं म्हणजे नव्हती असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही, चित्र पाहिजे.

फिल्म दिली होती की त्यांना! फोन केला. नारायणराव म्हणाले, हाव, हाय कुठंतरी, पाहून सांगतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

काही नाही. डबा तसाच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. छायाला सगळ्यांसमोर बोलल्या. विजेच्या यंत्रात हळदकुंकू घालणं हा अडाणीपणा आहे, एका बाईचा जीव त्यावर टांगलाय, शनिवारपर्यंत लेखी खुलासा दे. आणि आजपासून मशीनच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

नारळ त्यांनीच फोडला होता, हे त्यांना आठवत नसावं. मला आठवत होतं. मी तारा गुंडाळत बसलो.

छाया रडली नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. रुसकी आहे जरा.

११ ऑक्टोबर, शनिवार

खामगावच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणतो, "दादा, तो काय विचारून राह्यला? तयार करू का? मंग हो म्हना ना. डबा नव्यासारखा होऊन जाते." मी म्हटलं, आणि आतलं? म्हणतो, "आतलं आतच राह्यते, कुठं जाईन?"

त्याचा आवाज फार खात्रीचा होता. आठ दिवसांत इतक्या खात्रीने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो, बाण 'हो'वर नेला. बोट बटणावर होतं.

दार उघडलं. छाया, हातात खुलाशाचा कागद. पाऊल उंबऱ्याबाहेरच ठेवून उभी. मॅडमनी आत यायला बंदी केलीय ना! तिथूनच पडद्यावर बघून म्हणाली, "सर, तयार करायची म्हंजे पुसायची ना?"

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. पण बोट काढलं.

तसंही मी 'नाही'च दाबणार होतो. बहुतेक.

 दाबलं असतं तर सहा वर्षांची माणसं एका बोटाने गेली असती.

तिचा कागद वाचला. चार ओळी. 'दरवर्षी डबा बंद असतानाच हळदकुंकू लावते, बोटाने, वरच्या बाजूला. पाणी वापरत नाही. या वर्षी वेगळे काही केले नाही. वेगळे काय झाले ते वहीत आहे.'

वहीत काय असणार. मी ती मागितली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

उंद्रीला गेलो होतो. घरी बसवेना. नारायणराव फिल्मचं धड सांगत नव्हते, म्हटलं आपणच शोधू.

सापडली. गोठ्याच्या खिडकीला, काचेच्या जागी, चार खिळे मारून. तीन वर्षांचं ऊन आणि गोवऱ्यांचा धूर खाऊन पिवळी पडलेली, मधून तडकलेली. उन्हात धरली तर बरगड्यासुद्धा धड दिसत नाहीत. नारायणराव खाली मान घालून म्हणाले, "हिवाळ्यात वारं लागे वासराले."  त्यांनी एक प्रत घालवली, मी दुसरी.

अंगणात खाटेवर बसलो. रुखमाबाई शेजारणीशी हुज्जत घालत होत्या. जनकाबाई नावाची ती शेजारीण मागे दोन पायल्या ज्वारी घेऊन गेली होती, आज परत द्यायला आली होती ती मापटं घेऊन.

"पायलीनं नेली तं पायलीनंच दे," रुखमाबाई.

"पायली फुटली माय. आठ मापटे म्हंजे पायलीच ना? मोज तू."

रुखमाबाई मोजू लागल्या, खोकत खोकत. एक, दोन, तीन. मध्ये खोकला आला, मोजणी चुकली. जनकाबाई म्हणाली बारा झाले, ह्या म्हणाल्या दहा. मग चिडून म्हणाल्या, "मापट्याचा हिशोब अन् पायलीचा हिशोब एका ढिगात करू नोको. पुरा घोटाळा होते."

आठ.

आठ मी कुठे ऐकलं होतं? ऐकलं नव्हतं. पाचशे बारा आणि चार हजार शहाण्णव ऐकलं होतं. तळहातावर बोटाने गुणाकार केला. पाचशे बारा आठे चार हजार शहाण्णव. परत केला. तेच.

इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे मला पुन्हा शहाणपणा सुचायला नको. जुन्या डिस्का माल मापट्याने देतात-घेतात. डब्यातली सगळी यादी मापट्याची: अमुक हजारावं मापटं, तिथे रुखमाबाई. नवी डिस्क मापटं ओळखतच नाही, तिला पायलीच कळते. घातली तेव्हा डबा चालू होता, जुन्याच हिशेबाने चालत राहिला, दिवे हिरवे. खंडेनवमीला बंद केला. परत चालू होताना त्याने चौघींना त्यांचं माप विचारलं, आणि एकीला छोटं जमत नाही म्हणून सगळ्यांसाठी मोठं धरलं. आता यादीतलं हजारावं म्हणजे तो हजारावी पायली समजतो आणि आठपट लांब जाऊन हात घालतो. तिथे काय सापडणार? धान्य कणगीत जसंच्या तसं आहे.

कुंकवाचा काहीही संबंध नाही.

मला खाटेवर बसवेना, उठवेना. नारायणरावांनी पाणी आणून दिलं, म्हणाले, ऊन लागलं का साहेब? मी हो म्हटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

छाया यायच्या आत वही उघडली. २६ सप्टेंबर, तिचं अक्षर: 'नवीन डिस्क ४०९६. बाकी तीन ५१२. सरांना विचारले, चालते म्हणाले.' खाली माझी सही. झोकदार, खाली दोन टिंबं.

सोहमला फोन केला. दहा दिवस केला नव्हता, कारण डबा बसवून जाताना त्याने अडचण आली तर फोन करा म्हटलं तेव्हा मी त्याला, अडचण येणार नाही, असं उत्तर दिलं होतं. ते त्याला आठवतही नव्हतं.

"मार्तंडकाका, बरोबर ओळखलंत. नवी काढून टाका, जुन्या तिघींवर डबा उघडेल. पण आत्ता लगेच नाही. आधी तिघींची एकेक नक्कल करा, आणि नकलांवर उघडा. नवी काढली म्हणजे आता राखीव कुणी नाही. तिघींतली एक जरी गेली तरी संपलं सगळं. आणि सहा वर्षांच्या डिस्का आहेत. एक गेलीच आहे ना?"

खामगावहून दुसऱ्या कंपनीच्या तीन डिस्का आणल्या. दुकानात प्रत्येकीचं लेबल पाच वेळा वाचलं. इथे आल्यावर छायाला म्हटलं, जरा वाचून बघ. तिने तिन्ही वाचल्या, म्हणाली, "पाचशे बारा." तेवढंच वहीत लिहिलं. 

हे मी दुरुस्त करीन आणि कोणाला काही कळणार नाही. कुंकू साफ केलं, झालं. असा विचार आला. आला म्हणून लिहिला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पहिलीची नक्कल झाली. नऊ तास.

नारायणरावांचा फोन. "अठराले जायचं का नाही ते सांगा साहेब. आमची बाई म्हनते, फोटो नाही तं गाडी सांगू नका." मी म्हटलं, सोळापर्यंत थांबा. याआधी दोन दिवसांत देतो म्हटलं होतं, त्याची त्यांनी आठवण करून दिली नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी डिस्क एकसष्ट टक्क्यांवर अडली.

टक, टक, टक. आतून कोणीतरी नखाने वाजवावं तसा आवाज. सोहम म्हणाला, बंद करा, हात लावू नका, थंड होऊ द्या, दोन तासांनी जिथे थांबली तिथूनच पुढे.

ते दोन तास मी तिच्याकडे बघत बसलो. देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला लिहू. फोटो मिळू दे, फोटो मिळू दे. मॅडम दोनदा आत येऊन गेल्या. मी म्हटलं, साफसफाई चालू आहे. साफसफाई! जीभ झडत कशी नाही.

तीनला पुन्हा लावली. चालली. सत्तर, बहात्तर. दर टक्क्याला थोडी अडते, मग निघते. काही कप्पे वाचता येत नाहीत, ते सोडून पुढे जाते. कुणाचे कप्पे, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. संध्याकाळी अठ्ठ्याऐंशीवर सोडून घरी आलो, कारण मी बसल्याने ती काही जास्त पळणार नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दुसरी पूर्ण झालेली. तिसरी रात्रीच दुसऱ्या यंत्रावर लावून ठेवली होती, तीही झाली. नकला डब्यात घातल्या, फक्त वाचण्यापुरता चालू केला. अकरा वाजून वीस मिनिटांनी यादी आली. २०१९, २०, २१, २२.

जून २०२२. रुखमाबाई. दोनशे चौदा चित्रं. तीन काळी, ती गेली. कोणती गेली ते एकेक करून बघितलं. पोटाकडची, खालची तीन. वरची सगळी आहेत.

मॅडमना हाक मारली. त्या खुर्चीवर बसल्या आणि एकेक चित्र वरून खाली नेऊ लागल्या. मग परत वर. त्याच जागी दोनदा, तीनदा. मी मागे उभा. छाया उंबऱ्याबाहेर.

मॅडम म्हणाल्या, "नाही."

मी म्हटलं, काय नाही, उघडलं ना सगळं?

"गाठ नाही. बावीसमध्ये ही जागा स्वच्छ आहे, मार्तंडजी. ही नवी आहे."

दहा दिवस मी फोटो मिळू दे म्हणत होतो. फोटोत काय असेल याचा विचार मी केलाच नव्हता. म्हणजे केला होता, पण असा की फोटो मिळेल, त्यात गाठ दिसेल, रुखमाबाई हसत घरी जातील आणि मी सुटेन. गाठ दिसावी म्हणून मी देवाला वेठीला धरलं होतं. आणि बाई दहा दिवस तिकडे ज्वारी मोजत, खोकत होत्या, आणि ही गोष्ट त्यांच्या छातीत बसून होती.

मॅडमनी पाठीवर हात ठेवला. "तुम्ही वाचवलंत सगळं. कुंकवाने काय करून ठेवलं होतं!" छाया तिथेच होती. मी म्हटलं, हो. म्हणजे 'हो' असं म्हटलं नाही, मान हलवली. त्यात काय फरक आहे?

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण दुसऱ्यांबद्दल किती सहज बोलतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दहा वाजता दोघं आली. रुखमाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या, खोकला पदरात दाबत. मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे बावीस सालचं, उजवीकडे आताचं. उजवीकडे बोट ठेवलं, "ही गाठ." मग डावीकडे, "हीच जागा."

रुखमाबाई उठून पडद्याजवळ गेल्या. नाक लागेल इतक्या जवळ. बराच वेळ बघितलं.

"इथं नव्हतं."

"नव्हतं."

"म्हंजे नवंच हाय."

"हो. पण लहान आहे, आणि एकटीच आहे. आत्ता काढली तर चांगली आशा आहे. आणखी चार-सहा महिने थांबला असतात तर मला असं म्हणता आलं नसतं."

नारायणराव बाकावर बसले. बाई उभ्याच. म्हणाल्या, "मंग कापा. मी बोलून चुकली होती, नसन तं कापा म्हणून. आता मागं फिरत नाही. अहो, गाडी सांगा."

आणि मग वळून मला विचारलं, "साहेब, दोन दिवस म्हने तुमी. इतके दिवस काऊन लागले?"

मॅडमच बोलल्या. "मशीनमध्ये हळदकुंकू गेलं होतं, पूजेत. आमच्याकडच्याच माणसाची चूक." छाया दारात बाईंची फाईल घेऊन उभी होती. तिने फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एवढंच.

मी काही ठरवलेलं नव्हतं. रात्रभर उलट ठरवत होतो. पण बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांनी आताच स्वतःच्या मरणाकडे तसं बघितलं होतं.

म्हटलं, "कुंकू नाही, मॅडम. डिस्क चुकीची होती. मी आणली. ती घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी छायाने सांगितलं होतं, माप वेगळं आहे म्हणून. वहीत लिहिलंय, खाली माझी सही आहे. मी ऐकलं नाही. आणि दुसरी प्रत आहे म्हणून तुम्हाला सांगितलं, तीही नाही. मार्च एकवीसनंतर केलेलीच नाही."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या.  

रुखमाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या. मी त्याला तयार होतो, खरं तर हव्याच होत्या. त्या म्हणाल्या, "पोरगी सांगत होती, तुमी ऐकलं नाही. माही पोरगी बी दोन महिने रडून राह्यली होती." एवढं बोलून त्यांना खोकला आला. छायाने पाणी आणून दिलं आणि पाठ धरून उभी राहिली.

खोकला थांबल्यावर बाईंनी तिला जवळ बसवलं, म्हणाल्या, "माय, मले दवाखान्यात काय काय न्यायचं ते कागदावर लिवून दे. यायले सांगू नोको, हे इसरते." छायाने लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, एकेक ओळ वाचून दाखवत. आधार कार्ड, दोन्ही फोटोंची सीडी, गोळ्यांची चिठ्ठी, लुगडी दोन, शाल.

गाडी दुपारी दोनला निघाली. मॅडम मला उद्या सकाळी भेटायला सांगून गेल्या. काय बोलतील ते बोलतील.

संध्याकाळी मी छायाच्या टेबलाजवळ गेलो. म्हटलं, माझं चुकलं. माफ कर. ती वहीत आजची नोंद लिहीत होती. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "वाचून सही करा सर."

मी पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं.